आप्तशोधाची कथा आणि वऱ्हाडातील दोन भाषा

१

परक्यांत वाढलेला, स्वतःचे कुळ ठाऊक नसलेला पुरुष अखेर आपल्या माणसांना येऊन भेटतो, ही कथा सर्व वाङ्मयांत आढळते. तिची सर्वांत कठोर बाजू महाभारताने कर्णाच्या रूपाने नोंदवून ठेवली आहे. कर्णाला कुळ कळते, पण ते युद्धाच्या तोंडावर. आणि कळल्यावरही, ज्याने आपल्याला आपले म्हटले त्या दुर्योधनाचा पक्ष तो सोडीत नाही. रक्ताचे नाते सिद्ध झाले म्हणजे आप्तभावही सिद्ध झाला, हे समीकरण महाभारतकारांस मान्य नव्हते, हे यावरून उघड आहे. त्यानंतरच्या पुष्कळ लोकप्रिय कथांना मात्र ते मान्य असते. गळ्यातील ताईत ओळखला गेला की त्यांचा शेवट गोड होतो.

दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथांमध्ये या विषयाची गंभीर मांडणी क्वचित होते. 'स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन' (१९९३–१९९९) या अमेरिकन मालिकेतील 'द सर्च' हा १९९४ साली दोन भागांत प्रसारित झालेला प्रसंग हा त्याला अपवाद होय. पहिल्या भागाचे लेखन रोनाल्ड मूर यांचे व दुसऱ्याचे आयरा स्टीव्हन बेर यांचे आहे. नायक ओडो (रेने ओबेरझन्वा) हा अंतराळात एकाकी सापडलेला, वाटेल तो आकार धारण करू शकणारा जीव. बेजॉर या ग्रहावरील प्रयोगशाळेत तो एक नमुना म्हणून वाढला. त्याच्या नावाचा उगमही तसाच आहे. 'अज्ञात नमुना' या अर्थाच्या चिठ्ठीचे राज्यकर्त्यांच्या भाषेत भाषांतर झाले, आणि त्या भाषांतराचा शब्दशः अर्थ होतो 'काहीच नाही'. ही माहिती मालिकेत नंतर, १९९५ मध्ये येते; तथापि 'द सर्च'चा खरा आशय तिच्याच प्रकाशात स्पष्ट होतो. ज्याला इतरांनी 'काहीच नाही' म्हटले, तो आपण 'कोणीतरी' आहोत याचा पुरावा शोधण्यास निघाला आहे.

पुरावा मिळतो. एका तेजोमेघातील ग्रहावर ओडोला त्याचे सजातीय भेटतात. ते सर्व परस्परांत विरघळून एका सागरासारखे नांदतात. ओडोला एकटे सोडले होते तेही त्यांनीच, आणि हेतुपुरस्सर: अर्भके विश्वात पाठवावीत व ती अनुभव घेऊन परतावीत, अशी ती योजना होती. पुढे एका बंद दाराआड त्याचे सहकारी बंदिवान स्थितीत आढळतात, आणि ज्या जुलमी साम्राज्याच्या सूत्रधारांचा सर्वजण शोध घेत होते ते सूत्रधार म्हणजे हेच त्याचे आप्त, हे उघड होते. ओडो त्यांना सोडून परक्यांकडे परततो.

रचनेच्या दृष्टीने हा प्रसंग निर्दोष नाही. पहिल्या भागाचा मोठा हिस्सा युद्धसज्जतेत खर्च होतो. दुसऱ्या भागात सहकाऱ्यांवर ओढवणारी संकटमालिका अखेरीस केवळ कृत्रिम भास ठरते, त्यामुळे तिच्यात गुंतलेल्या प्रेक्षकाची फसवणूक होते. परंतु त्या बंद दाराची योजना अचूक आहे. आप्तांच्या घरातही एक खोली कुलूपबंद असू शकते, हे त्या एका दृश्याने सांगितले आहे. शोध यशस्वी होतो आणि प्रश्न मात्र सुटत नाही, ही या कथेची मिळकत होय.

२

कथेची कसोटी तिच्याबाहेरील वस्तुस्थितीवरही लावून पाहता येते. अमरावती व अकोला या जिल्ह्यांच्या उत्तर सीमेवर सातपुड्याची रांग आहे, आणि तिच्या आश्रयाने आप्तशोधाची दोन उदाहरणे शेजारीशेजारी नांदत आहेत. ती माणसांची नसून भाषांची आहेत.

पहिली कोरकू. मेळघाटातील धारणी व चिखलदरा आणि पायथ्याकडील अकोट व तेल्हारा या तालुक्यांत, तसेच सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशात ती बोलली जाते. २०११ च्या जनगणनेत तिच्या भाषकांची संख्या ७,२७,१३३ आहे. भोवताली वऱ्हाडी, हिंदी व गोंडी. यांपैकी एकीशीही तिचे कुळ जुळत नाही. परंतु मोजणी ऐकावी. कोरकूत मिया, बारी, आपई, उपुन. पूर्वेस शेकडो मैलांवर छोटा नागपूरच्या पठारावरील मुंडारीत याच संख्यांना मियद, बरिया, अपिया, उपुनिया. पाण्याला कोरकूत 'डा', मुंडारीत 'दाः', संतालीत 'दाक्'. अशा नियमित साम्यावरून ग्रियर्सनच्या 'भारतीय भाषांच्या पाहणी'च्या १९०६ मधील चौथ्या खंडात स्टेन कोनो यांनी कोरकूला मुंडा कुळात स्थान दिले. त्याच वर्षी व्हिल्हेल्म श्मिट यांनी या कुळाचा संबंध आग्नेय आशियातील मोन-ख्मेर भाषांशी जोडून दाखविला. वर्णनाचे काम पुढे नॉर्मन झाइड यांच्या १९६० च्या प्रबंधाने पुष्कळ पुढे नेले.

म्हणजे कोरकूला आप्त सापडले. तथापि हे नाते पंडितांना ठाऊक आहे. मेळघाटातील कोरकू स्त्रीच्या व्यवहारात संताल भाषकाला स्थान असण्याचे कारण नाही. तिला स्वतःचे स्थान सांगण्यासाठी या शोधाची गरजही नव्हती. 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' हा बहुवचनाचा प्रत्यय. 'कोरकू' म्हणजे 'माणसे'. ओडोचे नाव परक्यांनी ठेवले आणि त्याचा अर्थ शून्य. कोरकूंचे नाव त्यांच्याच भाषेतले आणि त्याचा अर्थ पूर्ण. कुळाची माहिती मिळण्यापूर्वीही हा समाज स्वतःला ओळखीत होता.

३

दुसरे उदाहरण अधिक कठीण आहे. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव-जामोद तालुक्यात (हा तालुका १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात होता) निहाली भाषा बोलली जाते. जुन्या लेखनात तिचा उल्लेख 'नहाली' असा येतो. तिचे भाषक दोन-अडीच हजारांच्या घरात आहेत. कोनो यांनी तिचा विचार कोरकूच्या अनुषंगाने केला. पुढे सुधिभूषण भट्टाचार्य यांनी १९५७ मध्ये क्षेत्रीय टिपणे प्रसिद्ध केली आणि एफ्. बी. जे. कायपर यांनी १९६२ मध्ये तिचा स्वतंत्र तौलनिक अभ्यास केला. आशा मुंडले यांचा शब्दसंग्रह १९९६ मध्ये व के. एस. नागराज यांचे वर्णनात्मक व्याकरण २०१४ मध्ये प्रकाशित झाले.

या अभ्यासातून मिळणारे चित्र असे आहे. शब्दसंग्रहाचा तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिक भाग कोरकूशी जुळतो. 'दोन' व 'चार' यांसाठीचे इरार आणि नालो हे शब्द द्राविडी (कन्नडात एरडु, नाल्कु). मराठी-हिंदीतून आलेले शब्दही विपुल. हे सर्व वजा केल्यावर सुमारे पाव हिस्सा असा उरतो की ज्याचे नाते कोठेच जुळत नाही: पाण्याला जोप्पो, अग्नीला अप्पो. भाषा परिसराप्रमाणे आकार बदलते, हे ओडोच्या रूपांतरांवरून सुचणारे साम्य येथे मनात येते. परंतु ते जपून वापरावे लागेल. ओडो आकार टाकून पुन्हा मूळ द्रवरूपात येतो. निहालीने घेतलेले शब्द आता तिचेच आहेत, आणि ते काढून टाकल्यावर मागे शुद्ध निहाली उरेल असे मानणे हा भ्रम होय.

नातेवाईक न सापडलेल्या भाषेविषयी संशय घेतला जातो. निहाली ही स्वतंत्र भाषा नसून एखाद्या टोळीची गुप्तभाषा असावी, ही शक्यता कायपर यांनीही पूर्णपणे निकालात काढली नव्हती. हा तर्क तपासून पाहणे अवघड नाही. महाराष्ट्रातील व्यापाऱ्यांची नंदभाषा ही गुप्तभाषाच. तिच्यात संख्यांचे व मोजक्या व्यवहारशब्दांचे रूप बदलते, परंतु वाक्याचा सांगाडा मराठीचाच राहतो. निहालीत पाणी व अग्नी यांसारखे प्राथमिक शब्दच वेगळे आहेत असे नाही, तर 'मी' या अर्थी कोरकूत 'इञ्' असता निहालीत 'जो' आहे. ज्यांना सर्वनामही परक्याकडून घ्यावे लागले नाही, त्यांच्या भाषेला सोंग म्हणण्यापूर्वी याहून भक्कम पुरावा हवा. निहाली भाषक पिढ्यान्‌पिढ्या कोरकूंच्या गावांत मजुरी करीत आले आणि बहुतेकांना कोरकूही येते. शब्दांची उसनवार समजण्यास एवढी वस्तुस्थिती पुरेशी आहे.

४

आता 'द सर्च'कडे परतता येते. या कथेने आप्तशोधाचे तीन टप्पे वेगळे केले आहेत: परक्याने दिलेले नाव, रक्ताचा पुरावा आणि शेवटी स्वतःची निवड. पहिल्या दोहोंना ओडोच्या इच्छेची गरज नाही. तिसरा टप्पा केवळ त्याचा आहे. कर्णकथेशी तिचे सख्य येथेच आहे. मर्यादाही येथेच दिसते. ओडोच्या आप्तांना जुलमी ठरवून लेखकांनी त्याची निवड सोपी केली. आप्त सज्जन असते तरीही तो परत फिरला असता काय, हा अधिक अवघड प्रश्न त्यांनी त्या प्रसंगापुरता टाळला. मालिकेच्या शेवटी, १९९९ मध्ये, ओडो आपल्या लोकांत परत जातो, ते त्यांच्यावर आलेला रोग बरा करण्यासाठी आणि परक्यांत शिकलेला विश्वास त्यांना देण्यासाठी. टाळलेल्या प्रश्नाचे हे उशिरा दिलेले उत्तर म्हणता येईल.

निहालीचा प्रश्न मात्र या कथेच्या कक्षेबाहेर राहतो. ज्याला आप्त सापडतच नाहीत त्याचे काय, हे मालिकेने विचारलेले नाही. भाषाशास्त्रानेही तो प्रश्न पुरेशा गांभीर्याने विचारला आहे असे म्हणवत नाही. शतकाहून अधिक काळ निहालीला मुख्यतः 'तू कोणाची?' असेच विचारले गेले. तिच्यात काय बोलले जाते, कोणत्या कथा सांगितल्या जातात, मुले ती कोणत्या वयापर्यंत बोलतात, हे प्रश्न मागे पडले. कुळाचा निर्णय शंभर वर्षांनी झाला तरी चालेल, कारण शब्दसूची ग्रंथालयात राहील. दोन-अडीच हजारांची भाषा तितकी वाट पाहू शकत नाही. आणि जळगाव-जामोद हे अमरावतीच्या विद्यापीठातून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे.