‘घरच्यासारखी’ : नात्याची भाषा आणि श्रमाचे मोल

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यातून सकाळच्या लोकलने कल्याण-डोंबिवलीकडे आणि त्याही पुढे मुंबईकडे घरकामासाठी जाणाऱ्या स्त्रीला मराठी मध्यमवर्गीय घरात ‘मावशी’ म्हणण्याचा प्रघात आहे. याच स्त्रीसाठी भाषेत ‘मोलकरीण’ असाही शब्द आहे. एक शब्द नाते सांगतो, दुसरा मोल सांगतो. नाते सांगणारा शब्द शिष्ट मानला जातो. मोल सांगणारा तोंडावर उच्चारणे असभ्यपणाचे ठरते. व्यवहार उघड करणारा शब्द हीन आणि तो झाकणारा शब्द प्रतिष्ठित, ही उतरंड निव्वळ शिष्टाचाराची बाब नाही. घरातील श्रमाविषयी समाज जे बोलू इच्छित नाही ते तीत साठलेले असते. म्हणूनच हा प्रश्न अर्थशास्त्राइतकाच समीक्षेचाही आहे.

फ्रेंच भाषेने या व्यवहाराला ‘ओ पेअर’ अशी संज्ञा दिली. तिचा अर्थ ‘बरोबरीच्या नात्याने’. परदेशातून आलेली तरुणी यजमान कुटुंबात राहते, मुले सांभाळते, घरकामात हातभार लावते. त्या बदल्यात तिला जेवण, निवारा, हातखर्चाचे पैसे आणि भाषा शिकण्याची संधी मिळते. स्ट्रासबुर्ग येथे 1969 साली झालेल्या युरोपीय कराराने या तरुणींची गणना धड विद्यार्थ्यांत केली नाही आणि धड कामगारांतही केली नाही. दोन्हींची लक्षणे असलेला एक विशेष वर्ग मानून त्यांचे काम साधारणतः दिवसाला पाच तासांपर्यंत मर्यादित केले. बरोबरीचा दावा संज्ञेतच केलेला असताना तासांची मर्यादा करारात लिहून ठेवावी लागते, हा विरोधाभास बोलका आहे. मराठीत या स्थितीला जवळचा शब्द ‘घरच्यासारखी’ हाच होय. जी घरची असते तिला कोणी घरच्यासारखी म्हणत नाही. ‘सारखी’ हा शब्द साम्य सांगता सांगता भेदही कायम ठेवतो.

परक्या देशातील परक्या घरात राहून शिकण्याचा हा अनुभव मराठी स्त्रीच्या लेखनात प्रथम ठळकपणे उमटला तो 1883 साली परदेशी गेलेल्या दोन स्त्रियांच्या पत्रव्यवहारात. दोघींपैकी कोणीही मुले सांभाळण्यासाठी गेली नव्हती. तथापि निवारा, शिक्षण आणि परतफेड यांची जी गुंतागुंत ‘ओ पेअर’ या संज्ञेत आहे, तीच या दोघींच्या पत्रांत आढळते. त्यांतील एक, बदलापूरकडून येणारी गाडी जेथे मुख्य मार्गाला मिळते त्या कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी. न्यू जर्सीतील रोझेल येथील कार्पेंटर कुटुंबात त्या प्रथम राहिल्या आणि तेथून फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या. श्रीमती कार्पेंटर यांना त्यांनी मावशीचे नाते दिले होते. येथे संबोधनाची दिशा ध्यानात घेण्याजोगी आहे. मराठी घरात आश्रय देणारी व्यक्ती काम करणारीला मावशी म्हणते. रोझेलच्या संदर्भात आश्रय घेणारी व्यक्ती आश्रय देणारीला मावशी म्हणते. नाते जोडण्याचा पुढाकार आश्रिताकडे असला की त्या नात्याला निवडीचे मूल्य येते. शिवाय या घराने आनंदीबाईंकडून सेवेचा मोबदला मागितलेला नव्हता. आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर (1887) त्यांची रक्षा कार्पेंटर कुटुंबाच्या पौकिप्सी येथील दफनभूमीत ठेवली गेली, ही घटना ‘सारखी’ हा शब्द गळून पडण्याच्या अगदी जवळ पोहोचते.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघात त्या राहिल्या त्या एका देवघेवीच्या आधारावर: भारतात जाणाऱ्या भगिनींना मराठी शिकवायची आणि स्वतः इंग्रजी शिकायची. प्रवासखर्च त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ (1882) या स्वतःच्या ग्रंथाच्या उत्पन्नातून उभा केला होता. म्हणजे आरंभी तरी हा व्यवहार शब्दशः ‘बरोबरीच्या नात्याने’ झालेला होता. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि व्यवहाराची भाषा बदलली. सिस्टर जेराल्डिन या धर्ममाता झाल्या. रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणत, आणि या घरगुती संबोधनाच्या छायेतच दोघींमधील तीव्र वाद लिहिले गेले. हा पत्रव्यवहार 1977 साली अ. भि. शहा यांच्या संपादनाने पुस्तकरूप झाला. त्यात शाकाहाराचा आग्रह हा जातीच्या अभिमानाचा अवशेष ठरवला जातो; पुडिंगमधील अंडेसुद्धा आज्ञापालनाची कसोटी बनते. चेल्टनहॅमच्या स्त्री-महाविद्यालयात संस्कृत शिकवत असताना रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, याचा निर्णय बिशपांच्या मतावर सोपवण्यात आला. या प्रत्येक प्रसंगी रमाबाई स्वतःच्या विवेकाचा आधार घेतात.

या पत्रांचे वाचन बहुधा कृतज्ञता आणि बंडखोरी या द्वंद्वात केले जाते. परंतु कृतज्ञतेची मागणी मुळात कोठून येते, हा प्रश्न त्या वाचनात विचारला जात नाही. देवघेव बरोबरीची असेल तर उपकार शिल्लक राहत नाही. उपकाराची भाषा सुरू व्हायची तर आधी देवघेवीचा विसर पडावा लागतो, आणि तो विसर पाडण्याचे काम नात्याची भाषा करते. आश्रिताने शिकवलेले मराठी ‘मदत’ ठरते. आश्रयदात्याने शिकवलेले इंग्रजी ‘दान’ ठरते. ‘आजीबाई’ या शब्दातील माया खोटी होती, असे यावरून म्हणता येणार नाही. माया खरी असूनही ती आज्ञेचे साधन होऊ शकते, एवढेच या संहितेतून निष्पन्न होते. आणि ते अधिक अस्वस्थ करणारे आहे.

अर्थात हा सारा युक्तिवाद जिने पत्रे लिहिली तिच्यापुरताच शक्य होतो. साहेबांच्या कुटुंबांबरोबर मुले सांभाळत समुद्रापार गेलेल्या आया या खऱ्या अर्थाने परक्या घरात काम करणाऱ्या स्त्रिया होत्या. विलायतेत पोहोचल्यावर काम सुटलेल्या आयांसाठी लंडनमध्ये एक निवासगृह चालवले जात असे; 1900 साली ते ऑल्डगेटहून हॅकनी येथे हलवले गेले. त्या आयांच्या हातची पत्रे आनंदीबाई-रमाबाईंच्या पत्रांसारखी ग्रंथरूपाने समीक्षेपुढे आलेली नाहीत. ‘आया’ हा पोर्तुगीजमधून आलेला शब्द मराठीने आपलासा केला. त्या शब्दामागील स्त्रीचे कथन मात्र मराठी साहित्याच्या वाट्याला आले नाही. परक्या घराविषयीचे मराठी स्त्रीचे लेखन म्हणून जे वाचले जाते ते अक्षरओळख, जात आणि प्रतिष्ठा लाभलेल्यांचे लेखन आहे. हे मान्य केल्याशिवाय त्याचा अन्वयार्थ पुरा होत नाही.

महाराष्ट्राने 2008 साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यात ‘कामगार’ हा शब्द आला, म्हणजे ‘मोलकरीण’ या शब्दातील मोल कायद्याच्या भाषेत प्रतिष्ठा मिळवून परत आले. घराच्या भाषेत मात्र ‘मावशी’च टिकून आहे. ते संबोधन टाकून द्यावे असे नाही. रोझेलचे उदाहरण त्याच्या विरुद्ध साक्ष देते. पण ज्या घरात मावशीला तिचे मोल मागण्याचा संकोच वाटतो, त्या घरातील मावशी हा शब्द नात्याचा राहिलेला नसतो. रमाबाईंनी हा संकोच बाळगला नाही. त्यांच्या पत्रांचे वाङ्मयीन मोल ठरवताना समीक्षेने हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे.