‘रेड’ची सुरक्षितता आणि गाथेची पाठपरंपरा : एक चिकित्सा

बीजशब्द : सर्व्हर, रेड, व्हर्च्युअल ड्राइव्ह, पाठचिकित्सा, तुकारामगाथा, मावळ

प्रस्तावना

इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंडे परिसरात उगम पावते आणि मावळातून वाहत देहूला पोहोचते. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या याच नदीत बुडविल्या गेल्या. तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. लोकांच्या मुखी असलेले अभंग पुन्हा लिहून काढले गेले, असेही परंपरा सांगते. श्रद्धेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच : एका जागची प्रत गेली, तरी संहिता गेली नाही. आज महाविद्यालये आपले संचित सर्व्हरवर ठेवतात आणि ते सुरक्षित आहे का असे विचारल्यास ‘रेड’चा हवाला देतात. हा हवाला कितपत पुरेसा आहे, हे गाथेच्या पाठपरंपरेच्या आधारे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

‘रेड’चे स्वरूप

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली ही संकल्पना मांडली. अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधून एका महागड्या डिस्कचे काम करून घ्यावे, हा मूळ विचार. परंतु डिस्कची संख्या वाढली की त्यांपैकी एखादी बिघडण्याची शक्यताही वाढते. म्हणून माहितीबरोबर काही जादा नोंद ठेवणे आवश्यक ठरते. रेड शून्यमध्ये अशी नोंद नसते. एक डिस्क गेली की सर्व गेले. रेड एकमध्ये प्रत्येक गोष्ट दोन डिस्कवर लिहिली जाते. रेड पाचमध्ये ‘पॅरिटी’ असते. तीन डिस्कवर १, ० आणि १ असे अंक असतील, तर एकूण बेरीज सम राहावी म्हणून चौथीवर ० लिहिला जातो. दुसरी डिस्क बिघडल्यास उरलेल्या तिघींवरून तिचा अंक काढता येतो. रेड सहा कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी तग धरते. एक टेराबाइटच्या चार डिस्क असतील, तर रेड पाचमध्ये वापरास तीन आणि रेड सहामध्ये दोन टेराबाइट मिळतात. सुरक्षिततेची किंमत अशी जागेत मोजावी लागते.

या समूहातून कंट्रोलर व्हर्च्युअल ड्राइव्ह घडवितो. संगणकाला तो स्वतंत्र डिस्क म्हणून दिसतो. एकाच समूहातून असे दोन-तीन ड्राइव्ह काढता येतात. मात्र त्यांचे स्वतंत्रपण केवळ दिसण्यापुरतेच असते. त्यांच्या खालच्या डिस्क त्याच असतात.

एक अनुभव

मावळातील एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी गावोगावी फिरून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. त्या एका व्हर्च्युअल ड्राइव्हवर ठेवल्या गेल्या आणि त्यांची ‘प्रत’ दुसऱ्यावर. दोन्ही ड्राइव्ह एकाच समूहातले होते. पुढे जागा वाढविण्यासाठी समूहाची फेररचना करताना जुनी मांडणी पुसली गेली. एकही डिस्क बिघडली नव्हती. ‘रेड’ने आपले काम चोख केले होते. ओव्या मात्र गेल्या. त्या सांगणाऱ्या आजींपैकी दोघी आज हयात नाहीत. या कामात प्रस्तुत लेखकाचाही सहभाग होता आणि दुसरी प्रत नेमकी कोठे आहे, हा प्रश्न त्यानेही तेव्हा विचारला नाही.

चिकित्सा

‘रेड’ डिस्कच्या मृत्यूपासून वाचविते. मनुष्याच्या चुकीपासून नाही. आरशासमोर चूक केली तर आरसाही तीच चूक दाखवितो. रेड एकमध्ये फाइल पुसताच ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. शिवाय दोन आरशांत कधी फरक पडलाच, तर खरा कोणता हे ठरविण्याचे साधन त्या रचनेपाशी नसते.

येथे गाथेची परंपरा उद्बोधक ठरते. शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुराम शास्त्री पंडित यांनी १८६९ व १८७३ साली दोन भागांत सिद्ध केलेल्या इंदुप्रकाश आवृत्तीसाठी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथील हस्तलिखिते ताडून पाहण्यात आली. ज्यांची समाधी मावळातील सुदुंबरे येथे आहे, त्या संताजी जगनाडे यांच्या वह्यांवरून वि. ल. भावे यांनी ‘अस्सल गाथा’ प्रसिद्ध केली. या प्रती एकमेकींचे आरसे नव्हत्या. त्या वेगळ्या हातांनी लिहिलेल्या, वेगळ्या गावी जपलेल्या होत्या, आणि त्यांत पाठभेद होते. पाठभेद हा दोष खरा. पण तुलना करून चूक ओळखण्याची सोयही त्यानेच होते. शिवाय एका ठिकाणचा आघात दुसऱ्या ठिकाणी पोहोचत नव्हता. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर झालेल्या हल्ल्याने एका छताखालच्या संग्रहाची असुरक्षितता दाखवून दिली. ‘रेड’च्या सर्व डिस्क तर एकाच पेटीत असतात.

अर्थात यावरून ‘रेड’ निरुपयोगी ठरत नाही. डिस्क बिघडली तरी काम अखंड चालू ठेवणे हे तिचे प्रयोजन, आणि ते मोलाचे आहे. लोणावळ्याच्या पावसात वीज अचानक गेली, तर कंट्रोलरच्या तात्पुरत्या स्मृतीत असलेली, डिस्कवर न उतरलेली माहिती नष्ट होऊ शकते. म्हणून कंट्रोलरला बॅटरीचा आधार नसल्यास थेट डिस्कवर लिहिण्याची पद्धत निवडावी, हेही तितकेच महत्त्वाचे. दोष साधनाचा नसून त्याच्याकडून केलेल्या अवाजवी अपेक्षेचा आहे.

निष्कर्ष

‘रेड’ ही प्रत नव्हे. प्रत वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या इमारतीत आणि शक्यतो वेगळ्या गावी असावी. ती काही काळाने उघडून, वाचून, ऐकून पाहावी. समूहाची मांडणी बदलण्यापूर्वी ती हाताशी आहे याची खात्री करावी. तुकोबांचे अभंग बुडाले तेव्हा ते परत देणारी मुखे गावोगावी होती. आमच्या ओव्या बुडाल्या तेव्हा त्या आमच्या एका पेटीखेरीज कोठेही उरलेल्या नव्हत्या.