न मारलेल्या ठोशांचा हिशेब

बॉक्सिंगचा समालोचक ‘ही तर बुद्धिबळाची लढत’ असं म्हणाला, की बहुतेक वेळा त्याला एवढंच सांगायचं असतं की ठोसे कमी पडतायत. मला ही उपमा पटत नाही. बुद्धिबळात तुमची खेळी होईपर्यंत समोरचा थांबतो. रिंगमध्ये कोणी थांबत नाही.

माझ्या पीएचडीचं काम थोडक्यात सांगायचं तर असं: लढतीचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहायचा, आणि कोणी काय केलं याच्या शेजारी आणखी एक रकाना भरायचा, त्याला काय करायचं होतं आणि ते का जमलं नाही. हा दुसरा रकाना ज्या लढतीत भरगच्च होतो, ती माझ्या मते तांत्रिक लढत.

उदाहरण घ्या. १३ एप्रिल २०१३, न्यूयॉर्कचा रेडिओ सिटी म्युझिक हॉल. फिलिपिन्सचा नोनिटो डोनेअर विरुद्ध क्यूबाचा गियेर्मो रिगोंडो, वजनगट १२२ पौंड. ठोसे मोजणाऱ्या कॉम्प्युबॉक्सच्या नोंदीत रिगोंडोचे ३९६ पैकी १२९ ठोसे लागले, डोनेअरचे ३५२ पैकी ८२. म्हणजे बारा फेऱ्यांत डोनेअरचे फेरीमागे जेमतेम सात. ज्या माणसाने २०११ मध्ये डाव्या हुकवर फर्नांडो माँटिएलला दुसऱ्याच फेरीत संपवलं, तो असा गप्प का झाला? आकडे इथे काही बोलत नाहीत.

उत्तर पायांत आहे. डोनेअरचा डावा पाय पुढे, रिगोंडो डावखुरा म्हणून त्याचा उजवा पुढे. असे दोघं समोर आले की पुढचे पाय एकमेकांना अडतात, आणि जो आपला पाय समोरच्याच्या पायाच्या बाहेरच्या बाजूला ठेवतो, त्याच्या मागच्या हाताला सरळ वाट मिळते. शिवाय रिगोंडो हुकच्या टप्प्यापासून अर्धं पाऊल लांब राहतो. ते अर्धं पाऊल भरून काढायला डोनेअर आत शिरला की सरळ डावा ठोसा तोंडावर. दोन-चारदा हे झालं की पुढे नुसती हूल पुरते. आपल्या कबड्डीतला चढाईपटू देतो तशीच. खांदा हलतो, डोनेअर थबकतो. ते थबकणं कुठल्याच तक्त्यात येत नाही.

पण रिगोंडोचं सगळंच कौतुकाचं नाही. काही वेळा तो सरळसरळ पळतो, मिठी मारतो, आणि त्याला कला म्हणायची गरज नाही. दहाव्या फेरीत डोनेअरने त्याला डाव्या हाताने खाली पाडलंच. माझ्या दृष्टीने या लढतीचा दर्जा इथेच ठरतो: इतकं दाबूनही डोनेअरचा प्रश्न जिवंत होता.

याच्या उलट ९ डिसेंबर २०१७ ची लोमाचेंको-रिगोंडो लढत. दोघांकडे ऑलिंपिकची दोन-दोन सुवर्णपदकं, त्यामुळे जाहिरात ‘तंत्राचा कळस’ अशीच. रिगोंडो दोन वजनगट वर जाऊन खेळत होता हे खरं, पण लोमाचेंकोच्या कोनांना त्याच्याकडे मिठीखेरीज उत्तर नव्हतं. धरून ठेवल्याबद्दल गुण कापला गेला, आणि सहा फेऱ्यांनंतर हाताच्या दुखापतीचं कारण देऊन तो थांबला. एकट्याच्या तंत्राने लढत तांत्रिक होत नाही हो, दोघं लागतात.

२०१३ ची लढत तिन्ही जजेसनी रिगोंडोला दिली. प्रेक्षकांनी मात्र हुर्यो उडवली, प्रवर्तक बॉब अरम यांनी त्याच्या शैलीबद्दल जाहीर नाराजी दाखवली, आणि पुढे मोठ्या लढती मिळणं त्याला जड गेलं. जिथे डोक्यावरचा प्रत्येक ठोसा मेंदूवर जमा होतो, त्या खेळात मार न खाणाऱ्याला असं ‘कंटाळवाणा’ ठरवतात. बाराव्या फेरीत सुजलेल्या उजव्या डोळ्यावर ग्लोव्ह धरून उभा राहिलेला डोनेअर पाहिलात, तर तो शब्द वापरणं तुम्हाला अवघड जाईल.

ही लढत पाहाल तेव्हा पहिल्या चार फेऱ्या आवाज बंद करून पाहा. हातांकडे बघू नका, डोनेअरचा डावा पाय किती वेळा उचलला जाऊन परत जागच्या जागी येतो, तेवढंच मोजा.