पत्रकारांची महाजालीय चरित्रे : संदर्भांची संख्या आणि साक्षीचे मूल्य

बीजसंज्ञा : चरित्रलेखन, पत्रकारिता, विकिपीडिया, संदर्भसाधने

प्रस्तावना :
एखादी माहिती चार ठिकाणी आढळली की ती खरी मानावी, असा समज महाजालावरील चरित्रलेखनात रूढ झाला आहे. पत्रकारांच्या चरित्रांबाबत हा समज कितपत टिकतो, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात दोन उदाहरणांच्या आधारे केली आहे.

विवेचन :
पहिले उदाहरण 'यूएसए टुडे'चे संस्थापक संपादकीय संचालक जॉन सीगनथेलर यांचे. मे २००५ मध्ये एका अनामिकाने इंग्रजी विकिपीडियावर त्यांचे चरित्र लिहून केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध जोडला. वस्तुतः ते रॉबर्ट केनेडी यांचे एकेकाळचे साहाय्यक होते. हा बिनबुडाचा मजकूर चार महिन्यांहून अधिक काळ कायम राहिला आणि रेफरन्स.कॉम व आन्सर्स.कॉम या संकेतस्थळांवरही उतरला. पडताळणीसाठी तिन्ही स्थळे पाहणाऱ्यास तीन साक्षी मिळाल्या असत्या. साक्षीदार मात्र एकच होता. २९ नोव्हेंबर २००५ रोजी सीगनथेलर यांनी स्वतः लेख लिहून हा प्रकार उघड केला. पुढे विकिपीडियाने हयात व्यक्तींविषयीचा निराधार वादग्रस्त मजकूर तत्काळ काढण्याचा नियम केला.

दिवंगतांना हे संरक्षण तितकेसे लाभत नाही. बाळशास्त्री जांभेकर यांच्या 'दर्पण'चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी निघाला. त्या स्मरणार्थ महाराष्ट्रात हा दिवस 'पत्रकार दिन' म्हणून पाळला जातो. मात्र बाळशास्त्रींचा जन्मदिनांक म्हणूनही काही ठिकाणी ६ जानेवारी, तर अन्यत्र २० फेब्रुवारी दिलेला आढळतो. वर्षही कुठे १८१०, कुठे १८१२ असे येते. अंकाच्या दिनांकाचा पुरावा खुद्द अंकच देतो. जन्माचा पुरावा त्यातून मिळत नाही. पत्रकार दिनी प्रसिद्ध होणारे स्मरणलेख उत्सवाचे साधन होत, संशोधनाचे नव्हेत. तरीही वृत्तपत्रात छापले गेल्यामुळे त्यांना 'विश्वसनीय संदर्भ' म्हणून मान्यता मिळते.

येथे पत्रकारांच्या चरित्रांची विशेष अडचण स्पष्ट होते. वृत्तपत्र हे चरित्रनायकाचे कार्यक्षेत्र असते आणि चरित्राचे साधनही तेच. संपादकाच्या निधनानंतर त्याच्याच पत्राने छापलेला मृत्युलेख पद व कार्यकाळ यांसाठी ग्राह्य धरता येईल. त्यातील 'निर्भीड', 'युगप्रवर्तक' ही विशेषणे मात्र सहकाऱ्यांची आदरांजली असते, स्वतंत्र मूल्यमापन नव्हे. तसेच नावानिशी छापलेला लेख लेखनाचा पुरावा ठरतो, प्रभावाचा नाही. विकिपीडियाच्या धोरणात स्वतंत्र संदर्भांची अपेक्षा आहे. परंतु दिलेल्या संदर्भाने स्वतः माहिती कोठून घेतली, हे तळटीपेवरून कळत नाही.

निष्कर्ष :
विश्वसनीयता ही संपूर्ण साधनाला चिकटवण्याची मोहर नसून प्रत्येक विधानागणिक तपासण्याची बाब आहे. विधानाचा उगम शोधावा, एकाच उगमातून निघालेले संदर्भ एकच मानावेत आणि मतभेद असल्यास दोन्ही दिनांक साधनांसह नोंदवावेत. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचे परीक्षण करताना संदर्भांची संख्या मोजण्याऐवजी हा निकष लावणे अधिक इष्ट ठरेल.