‘दुष्परिणाम नाहीत’ म्हणजे नेमके काय?

राजगुरुनगरच्या आमच्या शाळेत पालकसभा संपली की काही पालक मागे रेंगाळतात. अशाच एका सभेनंतर सहावीतल्या एका मुलीची आई थांबली. नवरा-बायको दोघेही चाकणच्या कारखान्यांत पाळीने कामाला जातात. मुलीला फिट येत असत, पण डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्यापासून दीड वर्षात एकही आली नव्हती. “बाई, त्या गोळ्या आम्ही बंद केल्या,” आई म्हणाली. “रोज रोज केमिकल पोटात जायचं. आता हे देतो. नैसर्गिक आहे, फायदा नाही झाला तरी नुकसान तर नाही ना?” तिने पिशवीतून चूर्णाची एक बरणी काढून दाखवली.

“एकदा डॉक्टरांना विचारा,” एवढेच मी म्हणाले. अधिक ठामपणे बोलायला हवे होते. पंधरा दिवसांनी मुलीला भर वर्गात फिट आली. सुदैवाने तिला लागले नाही आणि गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. ती बरणी मी मागून घेतली. आपण पुस्तकांचे परीक्षण करतो, तसे लेबलाचेही करायला हरकत नसावी. पुस्तकांपेक्षा लेबले अधिक घरांत पोचतात आणि त्यांवर विश्वासही अधिक ठेवला जातो.

लेबलावरचे पहिले विधान होते, ‘शंभर टक्के नैसर्गिक’. ते खरे असेलही, पण त्यावरून पदार्थ सुरक्षित आहे की नाही हे कळत नाही. धोतरा आणि कण्हेर आपल्या बांधावरच उगवतात, दोन्ही विषारी आहेत. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या अनेक बाया कामावर जाताना तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळागोळी’ देत. मूल दिवसभर गुंगीत राही. १९२९ साली नेमलेल्या आणि १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या रॉयल कमिशननेही या प्रथेची दखल घेतली होती. त्या आयांना दोष देण्यात अर्थ नाही, मूल सांभाळायला घरी कोणी नसे. पण अफू पूर्णपणे नैसर्गिक आहे, हे आपण विसरू नये. त्याच अफूपासून काढलेले मॉर्फीन आज तीव्र वेदना असलेल्या मुलांनाही देतात, मात्र वजनाप्रमाणे मोजून आणि श्वासावर लक्ष ठेवून. वनस्पती एकच आहे. फरक आहे तो मोजमापाचा.

बाळगुटीतल्या वेखंडाचेही तसेच. त्यात बीटा-असारोन नावाचे द्रव्य असते. प्राण्यांवरील प्रयोगांत त्यामुळे गाठी झाल्याचे आढळल्यावर अमेरिकेने १९६८ मध्ये अन्नात वेखंड वापरण्यास बंदी घातली. सहाणेवर एक-दोन वळसे उगाळल्याने इतके पोटात जात नाही, हे खरे. पण वळशात नेमके किती उतरले, हे कोणीच मोजत नाही.

दुसरे विधान होते, ‘कोणतेही दुष्परिणाम नाहीत’. या वाक्याचे दोन अर्थ संभवतात. एक, या पदार्थाचा शरीरावर काहीच परिणाम होत नाही. दोन, दुष्परिणाम होतात का हे कोणी पाहिलेच नाही. २००४ साली अमेरिकेत बोस्टनच्या परिसरात विकली जाणारी, दक्षिण आशियात तयार झालेली ७० आयुर्वेदिक उत्पादने तपासण्यात आली. त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करते आणि त्याची सुरक्षित अशी पातळी माहीत नाही. डोळ्यांना किंवा जिभेला ते कळत नाही, प्रयोगशाळेतच कळते. उलट मुलीच्या गोळ्यांसोबतच्या कागदावर झोप येणे, वजन वाढणे, यकृतावर परिणाम, एकदम बंद केल्यास झटके येण्याचा धोका, असे सारे छापलेले होते. आई घाबरली ती याच यादीला. पण ती यादी म्हणजे कोणीतरी अनेक रुग्णांवर लक्ष ठेवून केलेली नोंद आहे. कोरा कागद पाहून निर्धास्त होणे धोक्याचे.

तिसरे विधान सर्वांत ठळक होते : ‘स्मरणशक्ती व उंची वाढवते’. खाली बारीक अक्षरांत चौदा आकडी अन्नपरवाना क्रमांक होता. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ही बरणी औषध नव्हे, अन्न! औषध म्हणून जाहिरात केली असती, तर उंचीचा दावा १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्यात अडकला असता. स्मरणशक्ती वाढवण्याचा दावा आधुनिक औषधांना नियमांच्या ‘जे’ परिशिष्टानुसार करताच येत नाही. आणि अन्न म्हटले, तर ते फिटवरचा उपचार कसा होणार? दुकानदाराने तोंडी सांगितलेला गुण बरणीवर कोठेही नव्हता. मात्रा होती ‘एक चमचा’. कोणता चमचा, किती वयाच्या मुलाला, हे मोघमच होते.

मग डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची बाटली निर्धोक म्हणायची का? नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात कोल्ड्रिफ हे खोकल्याचे सिरप घेतलेली वीसहून अधिक मुले मृत्युमुखी पडली. त्यांतल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते. हे सिरप डॉक्टरांनीच लिहून दिले होते. तपासणीत त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. मर्यादा आहे ०.१ टक्का. हा गोडसर, स्वस्त औद्योगिक द्रावक मूत्रपिंडे निकामी करतो.

दोष उघड झाला, कारण तुलनेसाठी ०.१ टक्क्याची रेघ आधीच आखलेली होती. पण बाटली बाजारात जाण्यापूर्वी कोणी ती रेघ लावून पाहिली नाही, म्हणून मुले गेली. प्रमाणके कागदावर असून भागत नाही, तपासणीही व्हावी लागते. आणि चूर्णाच्या बरणीबाबत अनेकदा रेघच नसते, मग दोष सापडणार कसा?

म्हणून ‘नैसर्गिक की रासायनिक’ हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. दोन्ही बाटल्यांना सारखेच प्रश्न विचारावेत. आत काय आहे आणि किती? माझ्या मुलाच्या वयाला आणि वजनाला मात्रा किती? कोणी तपासले? अपाय झाला तर कोठे कळवायचे? (औषधांच्या दुष्परिणामांची नोंद १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर करता येते.) आणि सर्वांत महत्त्वाचे, हे सुरू करताना आपण काय बंद करत आहोत? त्या चूर्णात कदाचित काहीच घातक नसेल. मुलीला धोका झाला तो गोळ्या थांबल्याने.

शिक्षकमित्रांनी एक तास यासाठी द्यावा. मुलांना घरातील औषधांची, टॉनिकांची, चूर्णांची रिकामी वेष्टणे आणायला सांगावीत आणि फळ्यावर वरील प्रश्नांचा तक्ता आखावा. आमच्या वर्गात हा तक्ता भरला, तेव्हा ‘नैसर्गिक’ वेष्टणांपुढे रिकामे चौकोन अधिक राहिले. एका डॉक्टरी सिरपच्या वेष्टणावर ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये’ असे छापलेले निघाले. एक मुलगा म्हणाला, “बाई, हे तर आम्ही माझ्या दोन वर्षांच्या भावाला देतो.”

त्या संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन आले.