हायड्राचे शेवटचे डोके

हायड्राची गोष्ट पुष्कळांनी लहानपणी वाचली असेल. ग्रीस देशातल्या लेर्नाच्या दलदलीत राहणारा हा नऊ डोक्यांचा जलसर्प. त्याचे एक डोके ठेचावे, तो त्या जागी दोन उगवत. आपल्याकडच्या रक्तबीजाचाच हा दूरचा भाऊ म्हणायला हरकत नाही. हर्क्युलिस थकला, तेव्हा त्याने आपल्या पुतण्याला, आयोलाउसला हाक मारली. त्या पोराने जळत्या लाकडाने मानांची मुळे डागली, तेव्हा कुठे नवी डोकी उगवायची थांबली. मधले डोके मात्र अमर होते. ते हर्क्युलिसने छाटून जमिनीत पुरले आणि त्यावर एक जड खडक ठेवला. पण मौज पुढेच आहे. एवढे करून तो परत आला, तर राजा युरिस्थियस म्हणाला, ‘हा पराक्रम मी मोजणार नाही. तुला पुतण्याची मदत होती.’

संगणकावर काढलेली ग्रीक पुराणकथांची चित्रे गेले काही महिने मी पाहतो आहे. ‘फ्रॅक्टल’ म्हणतात ती ही चित्रे. ती पाहून बहुतेक जाणती मंडळी युरिस्थियससारखेच बोलतात : यंत्राने काढले, मग यात चित्रकाराचे काय? प्रश्न रास्त आहे. पण उत्तर देण्यापूर्वी हे चित्र तयार कसे होते ते पाहिले पाहिजे.

माझे गणित मॅट्रिकच्या परीक्षेपाशीच थांबले. तरीही यातले मर्म मला समजले, तेव्हा ते कोणालाही समजेल. एक संख्या धरा. तिचा वर्ग करा, त्यात एक ठरलेली संख्या मिळवा. जे उत्तर येईल त्याचा पुन्हा वर्ग, पुन्हा तीच मिळवणी. शून्यापासून निघालो आणि दर खेपेस १ मिळवत गेलो, तर १, २, ५, २६, ६७७ असे आकडे भराभर वाढून हाताबाहेर जातात. उलट दर खेपेस १ वजा केला, तर उणे १, शून्य, उणे १, शून्य असे जन्मभर घोटाळत राहावे लागते. काही संख्या सुटून जातात, काही अडकून पडतात. कागदावरच्या प्रत्येक बिंदूला एकेक संख्या नेमून द्यावी, अडकणाऱ्यांना काळा रंग द्यावा, सुटणाऱ्यांना त्या किती लवकर सुटल्या त्याप्रमाणे निरनिराळे रंग द्यावेत, झाले चित्र. या दोहोंच्या सीमेवर जी नक्षी उमटते, तिला अंत नाही. कोणताही कोपरा मोठा करून पाहावा, तो आत पुन्हा कोपरे, वेली, भोवरे दिसतात.

गास्ताँ ज्यूलिया या फ्रेंच गणितज्ञाने असल्या आकारांवरचा आपला मोठा निबंध १९१८ साली प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धात या तरुणाच्या चेहऱ्यावर गोळी लागली आणि त्याचे नाक गेले. पुढे सारा जन्म तो चेहऱ्यावर चामड्याची पट्टी बांधून वावरला. त्याने जे आकार मनात पाहिले, ते बारकाव्यांनिशी कागदावर उतरवणे त्या काळी माणसाच्या हाताला शक्य नव्हते. बेन्वा मँडेलब्रॉट याने १९७५ साली ‘मोडलेला’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ‘फ्रॅक्टल’ हे नाव घडवले आणि १९८० साली संगणकाकडून त्या आकृत्या काढून घेतल्या. १९९२ मध्ये स्कॉट ड्रेव्हज याने ज्वाळांसारखी चित्रे काढण्याची रीत शोधली. घनाकृती फ्रॅक्टलेही निघाली. आज हे सारे घरच्या संगणकावर होते.

आता चित्रांकडे वळू. ‘मेड्यूसा’ या नावाची चित्रे मी डझनभर तरी पाहिली. हिरव्या-सोनेरी कुरळ्या, त्यांतून पुन्हा कुरळ्या. सर्पांची केशरचना हुबेहूब! पण चेहरा नाही. रोमन कवी ओव्हिड सांगतो, की मेड्यूसा आधी रूपवती होती. समुद्राच्या देवाने देवळात तिच्यावर अत्याचार केला आणि शिक्षा मात्र तिला झाली. तिच्या केसांचे साप झाले. गोष्टीतले दुःख तिच्या चेहऱ्यात आहे, सापांत नाही. चित्रकाराने आधी नक्षी काढली, मग ती सापांसारखी दिसली म्हणून तिला मेड्यूसा म्हटले, असा संशय मला येतो. उद्या त्याच चित्राला ‘समुद्रवनस्पती’ म्हटले तर कोणाचे काही अडणार नाही. ज्या चित्राचे नाव बदलून चालते, त्या चित्राचा त्या कथेशी संबंध नाही असे मी समजतो.

‘चक्रव्यूह’ या चित्राने मात्र मला थांबवले. क्रीट बेटावर मिनॉस राजासाठी डीडॅलसने बांधलेला तो भुलभुलैया, त्यात कोंडलेला बैलमुखी मिनोटॉर, आणि ॲरिॲडनीने दिलेल्या सुताच्या आधाराने बाहेर पडणारा थीसियस. येथे कथा आणि गणित एकच बोलतात : कोण सुटतो आणि कोण अडकतो. चित्रकाराने रंगांचा मोह आवरला आहे. सगळे चित्र राखी आणि काळे. एकच तांबूस रेघ काठाकाठाने जात जात उजव्या बाजूने बाहेर पडते. तेवढीच रेघ त्याने स्वतः निवडली असेल, पण त्या रेघेने मला कथा सांगितली. आत उरलेल्या काळ्या भागाकडे पाहताना मिनोटॉरचीही कीव आली, हे मी विसरणार नाही.

आणि हायड्रा? तिची चित्रे सर्वांत नेत्रदीपक आणि सर्वांत अपुरी. मानेतून माना, त्यांतून माना. ही करामत यंत्राला न सांगता येते. पण डागलेली मान एकाही चित्रात दिसली नाही. वाढ आहे, झुंज नाही. पुराणकथेला शेवट असतो. कोणी मरतो, कोणी घरी परततो, कोणाला शाप भोगावा लागतो. म्हणून तर ती हजारो वर्षे सांगितली गेली. सूत्राला शेवट नसतो. ते उद्याही तसेच चालू राहील.

तेव्हा युरिस्थियसला माझे उत्तर असे आहे. मदत घेतली म्हणून पराक्रम बाद होत नाही. मूर्तिकाराला छिन्नीची मदत असते, मला शाईची. डोकी उगवण्याचे काम यंत्राने खुशाल करावे. पण कुठे डागायचे, किती ठेवायचे आणि त्या अमर डोक्यावर खडक कुठे ठेवायचा, हे ज्याने ठरवले तो चित्रकार. ज्याने ते ठरवले नाही, त्याने हायड्रा पाळली आहे, मारलेली नाही.

दिवाळीच्या सुटीत घरातली मुले असली चित्रे उघडून बसतील. त्यांना हटकू नका, शेजारी बसा. चित्राचे नाव हाताने झाका आणि विचारा, ‘ही कोणाची गोष्ट असेल?’ मुलाने बरोबर ओळखले, तर चित्रकाराला शाबासकी द्या. नाही ओळखले, तर चित्र बंद करून ती मूळ गोष्ट तुम्हीच सांगा. तेवढ्याने फराळाची चव कमी व्हायची नाही.