ऐकून घेणारी डबी

बैल घ्यायला गेलेला माणूस आधी बैलाचे दात बघतो, मग त्याला चालवून बघतो, आणि एवढं झाल्यावर 'पाहू पुढच्या बाजारी' म्हणत चहा पिऊन परत येतो. विकणाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही. रेकॉर्डरचं तसं नाही. तो खोक्यात बंद असतो, खोक्याला सील असतं, आणि सील फोडलं की तो तुमचा. म्हणजे लग्न आधी आणि बघण्याचा कार्यक्रम नंतर.

मला हवं होतं ते फार नव्हतं. खिशात मावेल, गाणी वाजवील आणि समोरचा आवाज टिपून ठेवील असं यंत्र, पाच हजारांच्या आत. हा आकडा सौ.ने मुक्रर केलेला असल्यामुळे त्यावर चर्चा संभवत नव्हती. आमचं तळेगाव (श्यामजी पंत) नागपूर-अमरावती हमरस्त्यावर. इथे ट्रकसाठी काही मागितलं तर कुणी चौकशी करत नाही. रेकॉर्डर मागितला की दुकानदार आधी विचारतो, "काऊन?"

कारण साधं होतं. माझी आत्याबाई आता ऐंशीच्या पुढे गेली आहे आणि जात्यावरच्या ओव्या तिला तोंडपाठ आहेत. पीठ आता गिरणीतूनच येतं, पण लग्नाची हळद दळायला तिला अजून बोलावणं असतं. पुण्याहून गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडीच्या बायकांकडून एक लाखावर ओव्या जमवल्या. आत्याबाईच्या दारी मात्र कुणी आलं नाही. तिच्या ओव्या राहिल्या तर तिच्याबरोबरच जाणार.

"फोनवर घ्या ना काका," शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा म्हणाला. घेतलं. ऐकलं तर आत्याबाई आहे, ओवी आहे, पण जातं गायब! फोन हा मुळात बोलण्यासाठी घडवलेला प्राणी. माणसाचा आवाज तेवढा कामाचा आणि मागची एकसारखी घरघर म्हणजे गोंगाट, असं समजून तो ती पुसून टाकतो. शिवाय हळू आवाज आपणहून चढवतो, मोठा आपणहून दाबतो. ओवी म्हणताना दम कुठे लागला आणि खुंटा कुठे जड झाला, ते सगळं सपाट. आत्याबाई जणू बँकेत केवायसी करायला बसली आहे.

मग दुकानं धुंडाळली. काय सांगू! वाजवणारी यंत्रं पैशाला पासरी. 2017 साली तर कारवां निघाला, त्यात पाच हजार गाणी आधीच भरलेली. बापड्या गिऱ्हाइकाला निवडण्याचेही कष्ट नकोत. सगळी ऐकवायला उत्सुक, ऐकून घ्यायला कुणी तयार नाही. (हे घरोघरीचं आहे, सौ. हे वाचणार असल्याने विस्तार करीत नाही.)

याचं मूळ बरंच जुनं आहे. फिलिप्सने 1963 साली कॅसेट आणली ती भरायलाही होती आणि वाजवायलाही. पुढे आपल्याकडच्या टू-इन-वनमध्ये दोन खटके एकदम दाबले की टेप सुरू व्हायची. कॅसेटच्या पाठीवरची प्लास्टिकची चिमटी मोडली की तिच्यावर दुसरं काही भरता येत नसे. आणि त्या मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावून मामाच्या लग्नाच्या मंगलाष्टकांवर सिनेमाची गाणी भरणारा एक भाचा घरोघर असे. मग 1 जुलै 1979 रोजी जपानात सोनीचा वॉकमन विकायला आला. वार्ताहरांसाठी केलेल्या प्रेसमन नावाच्या छोट्या रेकॉर्डरवरून तो बेतला, पण टेप करण्याची सोयच काढून टाकली! हेडफोनसाठी भोकं दोन ठेवली. माईकही ठेवला, पण तो दोघांनी गाणं चालू असताना आपसात बोलावं म्हणून. जग खूष झालं. माझ्या मते घोडचूक तिथेच झाली, आणि अजून ती कुणी मनावर घेतलेली नाही.

तर पाच हजारवाल्याने बघायचं काय? गाणी किती मावतात ते मुळीच नाही. आवाजाची पातळी हाताने लावता येते का, हे पहिलं. पूर्वी टेपवर काटा थोडा लाल रंगात गेला तरी चालून जायचं. आता शून्याच्या वर गेलेला आवाज सरळ कापला जातो, म्हणून वरचा सूर उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवावा. दुसरं, साध्या पेन्सिल सेलवर चालतो का. आमच्याकडे वीज जाते तेव्हा निरोप देऊन जात नाही. तिसरं, आवाज न दाबता वेव फाइल करता येते का. ती मिनिटाला दहा एमबी खाते, म्हणजे 32 जीबीच्या कार्डात पन्नासेक तास. आत्याबाईला पुरून उरतील. वाऱ्यासाठी स्पंजची टोपी मिळते. माझ्या यंत्राला नातवाचा लोकरी मोजा आहे, धुतलेला.

असं नवं यंत्र आकड्याच्या पलीकडे उभं होतं. नागपूरच्या एका विद्यार्थ्याकडून जुनं मिळालं, बेचाळीसशेला. सील फुटलेलंच होतं, त्यामुळे दात बघता आले: टिपून पाहिलं, कानाला लावून पाहिलं, चहा पिऊन परत येऊन पुन्हा पाहिलं.

पहाटे चारला, हमरस्ता जरा निवांत असताना, आत्याबाई जात्याशी बसली. नंतर तिच्या कानाला हेडफोन लावला. जातं घरघरलं, बांगड्या वाजल्या. ती बराच वेळ ऐकत राहिली.

"हे कोन बुडी होय रे बाबू?"

"तूच आहेस, आत्या."

"मी नोहे बाप्पा. गयाची बरी हाय, पन लय घाई करते. सांग तिले, सावकास दळ म्हना."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनेच मला हाक मारून उठवलं. सेलची जोडी तिसऱ्या दिवशी संपली.